नियंत्रण कशावर? कामावर की कामगारावर?



रेल्वेत आणि टपाल खात्यात गेल्या काही वर्षांत माणसे कमी झाली आणि तपासण्या वाढल्या. हजेरी यंत्रावर द्यायची, शिवाय व्हॉट्सअॅपच्या गटावर फोटो टाकायचा. काम सुरू करताना एक फोटो, संपल्यावर एक फोटो. आज सुरक्षा पंधरवडा, उद्या स्वच्छता पंधरवडा, परवा दक्षता सप्ताह. ब्रँच पोस्टमास्तर सकाळी कुलूप काढतो तोच वरून विचारणा होते की आज विम्याच्या पॉलिसी किती आणि नवी खाती किती. स्टेशन मास्तरच्या खोलीत रजिस्टरांची चवड लागलेली असते, निरीक्षणाला आलेले साहेब प्रत्येकावर सही करतात, आणि सही झाली म्हणजे निरीक्षण झाले.

नियंत्रण हवे की नको, असा आमचा वाद नाही. ज्या खात्यात एका चुकीने शेकडो माणसांचा जीव जातो तेथे नियंत्रण हवेच आणि ते कडक हवे. ते कशावर ठेवायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. अधिकाऱ्याच्या दिवसाचेही तास चोवीसच. त्याची नजर शंभर ठिकाणी वाटली तर ती कुठेच पुरत नाही, आणि मग जे डोळ्यांसमोर सहज दिसते, म्हणजे कामगार, त्याच्यावर ती स्थिरावते. हे सांगण्यासाठी रेल्वेची गोष्ट आम्ही जरा मागून घेणार आहोत. आधी पाण्याची गोष्ट सांगतो.

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांनी तेथे गादी स्थापन केली आणि १८५५ साली शेवटचा राजा वारल्यावर कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदांचे गठ्ठे आजही आहेत, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. आपली माणसे जातात ती राजवाडा, ग्रंथालय आणि देऊळ पाहून परत फिरतात. संघटनेच्या कामासाठी आम्ही काही सहकारी तिरुचिरापल्लीला गेलो होतो. तेथील पोन्मलै, म्हणजे गोल्डन रॉक वर्कशॉपच्या भूमीवर ५ सप्टेंबर १९४६ रोजी साउथ इंडियन रेल्वेच्या संपात पोलिसांच्या गोळीबाराने पाच कामगार धारातीर्थी पडले. त्या हुतात्म्यांना वंदन करून उरलेले दोन दिवस आम्ही कावेरीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशात घालविले. कल्लणै, तिरुवैयारु, कुंभकोणम, मन्नारगुडी आणि खाली तिरुत्तुरैपूण्डीपर्यंत. भाषेची अडचण होती, पण स्थानिक कामगार बंधू बरोबर असल्याने निभावले.

आता तेथील पाण्याची रचना ऐका. तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबु येथे कावेरीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडचा कोळ्ळिडम आणि दक्षिणेकडची खुद्द कावेरी. दोहोंच्या मध्ये श्रीरंगमचे बेट. बेटाच्या खालच्या टोकाला हे दोन्ही फाटे पुन्हा अगदी जवळ येतात. कोळ्ळिडमचे पात्र खोल आणि जास्त उताराचे. पाण्याला त्याच्या मनाप्रमाणे जाऊ दिले तर ते कोळ्ळिडमने सरळ समुद्रास जाऊन मिळेल आणि तंजावरची शेते कोरडी राहतील. म्हणून नेमक्या त्या जागी जुन्या काळी दगडांचा बांध घातला गेला. तमिळमध्ये कल् म्हणजे दगड आणि अणै म्हणजे बांध, ते हे कल्लणै. चोळ राजा करिकाल याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो घातला असे परंपरा सांगते. लांबी हजार फुटांहून थोडीच अधिक. लक्षावधी एकर भाताचे भवितव्य या एका जागेवर ठरत आले आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाळाने कावेरीचे तोंड भरत चालले आणि पाणी कोळ्ळिडमकडे वळू लागले. त्या वेळी कंपनीच्या नोकरीतील इंजिनिअर आर्थर कॉटन याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. खालचे शेकडो पाट दुरुस्त करीत तो बसला नाही. फाटा जेथे फुटतो त्या मुक्कोंबुलाच १८३६ साली त्याने कोळ्ळिडमवर आडवा बंधारा घातला. याचा परिणाम इतका झाला की पुढे कावेरीत पाणी जास्त येऊ लागले आणि तिचे तोंड आवरण्याची पाळी आली! त्याच शतकाच्या अखेरीस कल्लणैजवळ कावेरी आणि वेण्णारु या दोन्हींच्या तोंडांवर दारे बसली. १९३४ साली वर मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि त्याच सुमारास कल्लणैपासून एक नवा कालवा निघाला, त्याला लोक पुदु आरु म्हणजे नवी नदी म्हणतात. तेव्हापासून कल्लणैवर पाण्याच्या वाटा चार. कावेरी, वेण्णारु, पुदु आरु आणि जादा पाणी सोडण्यासाठी कोळ्ळिडम.

खाली मात्र या वाटांचे डझनावारी फाटे होतात. अरसलारु, कुडमुरुट्टी, वेट्टारु, कोरैयारु अशी नावे ऐकता ऐकता आम्ही दमलो. त्या फाट्यांना पाट, पाटांना चाऱ्या, चाऱ्यांना बांधावरची भगदाडे. पूम्पुहारजवळ समुद्राला मिळणारी कावेरी पाहिली तर ही तीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती लहान झालेली असते. एवढ्या तोंडांवर साहेब उभा करायचा म्हटले तर देशातील सगळे इंजिनिअर पुरायचे नाहीत. तो कुणी कधी केलाही नाही. वरची चार दारे सरकारच्या हाती आणि खालचे गावाच्या हाती. पाटातील गाळ काढण्यासाठी प्रत्येक घराने माणूस द्यायचा, या रिवाजाला तेथे कुडिमरामत्तु म्हणतात. पाणी कमी असले की पाळी लावायची. तामिळनाडूत अनेक ठिकाणी पाणी वाटण्यासाठी गावाने नेमलेला माणूस असे, त्याला नीरकट्टी म्हणत. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतील पाटकरी आणि जागल्या आठवा, म्हणजे हे सारे ओळखीचे वाटेल. पांझरा-मोसमच्या खोऱ्यातील फड काय किंवा तंजावरचे पाट काय, तत्त्व एकच. मोक्याच्या जागी कडक बंदोबस्त आणि बाकीच्या ठिकाणी ज्याचे काम त्याच्यावर विश्वास.

हा विश्वास फुकटचा नव्हता. पाट तुंबला तर गाळ न काढणाऱ्याचेच शेत वाळे. सरकारने जेव्हा हे काम गावाकडून हळूहळू काढून घेतले तेव्हा रिवाज ढिला पडला, आणि तो सुधारण्यासाठी १८५८ साली मद्रास इलाख्यात सक्तीच्या श्रमाचा कायदा करावा लागला. सक्तीने जे साधले ते फार थोडे. अलीकडे तामिळनाडू सरकारने कुडिमरामत्तु हे जुने नाव पुन्हा काढून तलाव-कालव्यांची कामे केली, आणि दरवर्षी मेट्टूरचे पाणी सुटण्यापूर्वी त्रिभुज प्रदेशात गाळ काढण्याची मोहीम निघते. पण पाणी सुटण्याची तारीख जवळ आली तरी काम चालूच, ही तक्रार तेथे ऐकू येते. आम्हा रेल्वेवाल्यांना यात नवल वाटले नाही. पावसाळा तोंडावर आल्यावर नालेसफाईचे टेंडर उघडणारी खाती आपल्याकडेही आहेत.

आता दुसरी बाजू. मेट्टूरचे दार उघडण्याची ठरलेली तारीख १२ जून. त्या पाण्यावर कुरुवै नावाचे कमी मुदतीचे भात होते, त्यानंतर सांबा आणि ताळडी. मेट्टूरचे पाणी कल्लणैला पोहोचण्यास तीनेक दिवस आणि समुद्राकडच्या टोकाच्या शेतांना त्याहून बरेच अधिक. मेट्टूरची पातळी किती फूट, पाणी किती आले, किती सोडले, हे तामिळनाडूतील वर्तमानपत्रे रोज छापतात आणि चहाच्या टपरीवर लोक ते वाचतात. परंतु शेवटच्या पाटात किती पाणी आले, याचा रकाना आम्हाला कुठे दिसला नाही. टोकाच्या गावात पाणी आले नाही तर तोट्याच्या जोडीला समुद्राचा खारेपणाही आत सरकतो. धरण भरले, दारे उघडली, मंत्र्यांनी फुले वाहिली आणि तरी शेवटचा शेतकरी आभाळाकडेच पाहत राहिला, असे होऊ शकते. २०२३ साली १२ जूनला पाणी सोडले गेले, पण पुढे पाऊस आणि कर्नाटकाकडून येणारे पाणी दोन्ही अपुरे पडले आणि कुरुवैचे पीक अनेक ठिकाणी करपले.

दोन राज्यांचा कावेरीचा तंटाही याच मुद्द्याशी येऊन ठेपतो. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याचा अंतिम निवाडा आला, १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरासरी पावसाच्या वर्षी कर्नाटकाने सीमेवरील बिळीगुंडलु येथे १७७.२५ टीएमसी पाणी पोहोचवावे, आणि ते महिन्यावार मोजावे. एवढ्या प्रचंड भांडणातून शेवटी काय निघाले? पाणी मोजण्याची एक जागा, आणि ते मोजणारा दोघांपैकी कुणाचाही नसलेला माणूस. आमच्या मते हे मोठेच काम झाले. मोजण्याची जागा एकदा ठरली की निम्मे भांडण शब्दांतून आकड्यांत येते. पण बिळीगुंडलुच्या मोजपट्टीला तिरुत्तुरैपूण्डीचे शेत दिसत नाही, हेही तितकेच खरे. मोक्याची जागा वर असते, कामाचा परिणाम खाली असतो. वर नियंत्रण ठेवायचे आणि खाली मोजायचे, ही दोन कामे निराळी आहेत.

या दोहोंत गफलत झाली म्हणजे काय होते याचे उदाहरण त्याच नदीवर घडले. २०१८ च्या पावसाळ्यात मेट्टूर अनेक वर्षांनी तुडुंब भरले होते. पाणी किती आणि कुणाचे यावर सारा देश बोलत होता. आणि २२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री मुक्कोंबुच्या बंधाऱ्याची ४५ पैकी ९ दारे वाहून गेली. कॉटनच्या जागेवरच. बंधारा जुना झाला होता, आणि बेसुमार वाळूउपशामुळे पात्र खोल गेले, असेही तेथील लोकांनी सांगितले. शेवटी शेजारी नवा बंधारा बांधावा लागला. पाण्याचा थेंब न थेंब मोजणाऱ्या व्यवस्थेचे लक्ष, ते पाणी ज्या दाराने वळते त्या दाराकडे नव्हते.

१९८० साली रॉबर्ट वेड आणि रॉबर्ट चेंबर्स या दोन अभ्यासकांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिले होते की कालव्यांच्या सुधारणेचा सारा भर शेतकऱ्याच्या चारीवर आणि त्याच्या वागण्यावर असतो, मुख्य कालवा कसा चालविला जातो तिकडे कुणी पाहतच नाही. मुख्य कालवा म्हणजे साहेबांचे स्वतःचे काम. तेथे दिवा लावायला कोणाला आवडेल?

पाण्यावरून माणसांवर येतो, कारण त्या भागात ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. तंजावरच्या मोठ्या जमीनदारांकडे पन्नैयाळ म्हणजे बांधलेले शेतमजूर असत. त्यांच्या उठण्याबसण्यावर, लग्नकार्यावर, पोराबाळांवर मालकाच्या कारभाऱ्याचे नियंत्रण. चूक झाली की चाबूक. पीक अवलंबून होते ते वेळेवर आलेल्या पाण्यावर, साफ केलेल्या पाटावर आणि चांगल्या बियाण्यावर. चाबकाने यांतले काहीही वाढत नव्हते. मूळचे कर्नाटकातील कम्युनिस्ट कार्यकर्ते बी. श्रीनिवास राव यांनी १९४० च्या दशकात या मजुरांची संघटना बांधली, आणि १९५२ साली पन्नैयाळ संरक्षणाचा कायदा झाला. तरी २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी या टोकाच्या गावी, मजुरीत थोडे धान्य वाढवून मागणाऱ्या दलित मजुरांच्या ४४ बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. पुढे आरोपी उच्च न्यायालयातून सुटले. नियंत्रण कामावरून सरकून माणसावर आले की त्याला कोठे थांबायचे ते कळत नाही. आपल्या खात्यांची आम्ही कीळवेण्मणीशी तुलना करीत नाही, तसे करणे त्या मृतांचा अपमान होईल. परंतु माणूस मुठीत ठेवला की काम आपोआप होते, हा जो समज आहे तो मात्र जुना आहे आणि सर्वत्र आढळतो.

आता रेल्वे. तंजावरहून फार दूर नाही अशा अरियलूरजवळ २३ नोव्हेंबर १९५६ रोजी पहाटे मरुदैयारु नदीच्या पुराने पुलाजवळचा मार्ग वाहून गेला, तुतिकोरिन एक्सप्रेस नदीत कोसळली आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. शास्त्रीजींचा राजीनामा सर्वांना पाठ आहे. पण पुराच्या रात्री कोणत्या पुलाशी माणूस उभा हवा, हा त्या अपघाताचा खरा धडा होता. आपल्या घाटांत आणि कोकणात पावसाळी पेट्रोलिंग करणाऱ्या ट्रॅकमन बंधूंना हा धडा कुणी शिकवायला नको.

त्यांच्या हाती आता जीपीएसचे यंत्र दिले आहे. माणूस किती वाजता कुठे होता, किती वेगाने चालला, कुठे थांबला, हे साहेबांना कार्यालयात बसून दिसते. ठीक आहे. पण रुळाला तडा गेला आहे की नाही हे त्या यंत्राला दिसत नाही. ते त्या माणसाच्या डोळ्यांना दिसते, आणि तो थांबून, वाकून पाहील तरच दिसते. थांबला तर यंत्र सांगते, थांबला! मग त्याला खुलासा द्यावा लागतो. एका विभागात अशा खुलाशांची पत्रे आम्ही वाचली आहेत. वेल्डजवळ वाकून पाहण्यात गेलेल्या मिनिटांचा हिशेब एक कीमन देत होता. दुसरीकडे, गाडी येत असल्याची सूचना गँगला देणारे 'रक्षक' नावाचे यंत्र सर्व सेक्शनमध्ये सारखे पोहोचलेले नाही, अशा तक्रारी आमच्या शाखांकडून येतात. माणसावर नजर ठेवणारे यंत्र आणि माणसाचा जीव वाचविणारे यंत्र यांत आधी कोणते यावे, हे ठरविताना तो माणूस बैठकीत नव्हता.

२ जून २०२३ ची बालासोरची दुर्घटना आठवा. बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला आणि पॉइंट मात्र लूप लाइनचा लागलेला होता. २९० हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत जे बाहेर आले ते असे की सिग्नलच्या वायरिंगमध्ये २०१८ साली केलेल्या बदलात चूक राहिली होती, ती नोंदीत आणि खुणांत दिसली नाही, आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात तिच्यात भर पडली. १६ मे २०२२ रोजी खरगपूर विभागातच चुकीच्या वायरिंगचा तसाच प्रकार घडला होता. तेव्हा सर्वत्र तपासणी झाली असती तर पुढचे टळले असते, असे चौकशीतच म्हटले आहे. या पाच वर्षांत त्या विभागात हजेऱ्या झाल्या असतील, पंधरवडे साजरे झाले असतील, रजिस्टरांवर सह्या झाल्या असतील. एका गुमटीतल्या काही वायरी मात्र कुणी तपासल्या नाहीत. अपघातानंतर सीबीआयने अटक केली ती तीन कर्मचाऱ्यांना. त्यांचा दोष असेल तर न्यायालय ठरवील, त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. परंतु वायरिंगमधील प्रत्येक बदल निराळ्या माणसाने नकाशाशी ताडून पाहावा, ही व्यवस्था बसविणे त्या तिघांच्या हातात नव्हते.

१७ जून २०२४ रोजी न्यू जलपाईगुडीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली. त्याच दिवशी वरून सांगण्यात आले की चूक मालगाडीच्या चालकाची. तो बिचारा उत्तर द्यायला जिवंत नव्हता. पुढे सुरक्षा आयुक्तांनी दाखविले की त्या दिवशी सिग्नल बिघडल्यावर चालकांना दिलेल्या कागदावर वेगाची मर्यादा लिहिलेलीच नव्हती, आणि अशा वेळी गाडी कशी चालवायची याचे पुरेसे शिक्षणही दिले गेले नव्हते. त्या दिवशी त्या मार्गाने गेलेल्या इतर बहुतेक चालकांनीही आपापल्या समजुतीने निरनिराळा वेग ठेवला होता.

पैशाचेही तसेच. २०१७-१८ पासून पाच वर्षांत एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालाने सांगितले की या कोषातून पाय दाबण्याची यंत्रे, काचसामान, फर्निचर असल्या वस्तूही घेतल्या गेल्या, आणि ट्रॅक तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांत ३० ते १०० टक्के तूट होती. पाय दाबण्याच्या यंत्राला आमचा विरोध नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या आमच्या ट्रॅकमन भगिनीला ते कुणी दिले असते तर आम्ही टाळ्या वाजविल्या असत्या.

टपाल खात्यातील बंधूंना आम्ही विसरलो नाही. टपालपेटीत किंवा टपालात चाचणीचे पत्र टाकायचे आणि ते पोहोचण्यास किती दिवस लागले ते पाहायचे, ही खात्याची जुनी रीत होती. या एका पत्राने पेटी वेळेवर उघडली का, आरएमएसमध्ये वर्गवारी झाली का, पोस्टमन बीटवर गेला का, हे सारे कळत असे आणि कुणाच्या मागे हेर लावावा लागत नसे. टोकाला जाऊन मोजणे म्हणतात ते हे. आज ब्रँच पोस्टमास्तरला विचारणा होते ती विम्याची. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा न्यायालयाची नोटीस, नोकरीचे पत्र, निवृत्तिवेतनाचे कागद वाडीवरच्या शेवटच्या घरी ठरल्या दिवशी पोहोचतात का, हे मोजणे पूर्वीपेक्षाही गरजेचे झाले आहे. ग्रामीण डाकसेवकाच्या सायकलच्या चाकावर खात्याची अब्रू चालते, विम्याच्या लक्ष्यांकावर नव्हे.

यावर वरिष्ठांचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, रेल्वेत सगळेच महत्त्वाचे आहे, एका कॉटर पिननेही गाडी घसरते, मग काय सोडायचे ते सांगा. हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटते. पण रेल्वेच्याच स्टोअर्स खात्यात मालाची ए-बी-सी वर्गवारी चालते. थोड्या वस्तूंत बराच पैसा गुंतलेला असतो म्हणून त्यांच्यावर वरच्या अधिकाऱ्याची नजर, आणि खिळे-नटांचा हिशेब खालच्या कारकुनाकडे. नट महत्त्वाचा नाही असे त्यात कुणी म्हणत नाही. तो कुणी पाहायचा एवढेच ठरविलेले असते. कॉटर पिन पाहायला गाडी तपासणारा फिटर आहे. त्याला पुरेसा वेळ, उजेड आणि सुटे भाग मिळतात की नाही, ते पाहायला साहेब हवा. साहेबच पिन मोजू लागला तर ब्लॉक मिळवून द्यायचा कुणी?

आणि आकड्यांची लबाडी आम्हाला ठाऊक आहे. गाडीचा वेळेवरपणा शेवटच्या स्टेशनावर मोजतात, म्हणून शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकातच जादा मिनिटे पेरलेली असतात. मधल्या स्टेशनवर पाऊण तास ताटकळलेला प्रवासी त्या तक्त्यात कुठेच नसतो. तेव्हा कुठे मोजायचे हे मोजले जाणाऱ्यानेच ठरवू नये. बिळीगुंडलुची मोजपट्टी कर्नाटकाच्याही हाती नाही आणि तामिळनाडूच्याही.

हे आपल्यालाही लागू आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ज्या जागा खरोखर मोक्याच्या आहेत तेथील कडक तपासणीला संघटनेने विरोध करता कामा नये. कामावर चढताना श्वासाची चाचणी, सिग्नलचे काम करताना डिस्कनेक्शनचा कागद, ब्लॉक संपल्यावर रुळाची संयुक्त पाहणी, यांत सवलत मागणारा सभासद आमच्याकडे आला तर आम्ही त्याची बाजू घेणार नाही. चालकाच्या विश्रांतीचे तास हीदेखील तशीच जागा आहे आणि तेथे प्रशासनाने सवलत मागू नये. १९७४ च्या ८ मे रोजी सुरू झालेल्या संपात कामाच्या तासांची मागणी होती ती पगाराएवढीच जिवाची मागणी होती.

आमची मागणी पुढील पीएनएम बैठकीत ठेवली जाईल. प्रत्येक विभागाने मोक्याच्या जागांची एक छोटी यादी करावी आणि ती करताना ट्रॅकमन, सिग्नल मेंटेनर, पॉइंट्समन, लोको पायलट यांचे प्रतिनिधी टेबलाशी असावेत. यादीतील जागांची पाहणी ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्याने करावी. त्या जागांसाठी ब्लॉकचा वेळ आणि सुटे भाग आधी द्यावेत. यादीत नसलेल्या रजिस्टरांपैकी कोणती बंद करता येतील ते त्याच बैठकीत ठरावे, कारण नवी यादी आली आणि जुनी चवड तशीच राहिली तर आमच्या स्टेशन मास्तरच्या डोक्यावर आणखी एक सही वाढेल, इतकेच. जीपीएसची नोंद शिक्षेसाठी वापरू नये, हा मुद्दा त्यातच आहे.

शाखा सचिवांनी आपल्या सेक्शनमधील, आणि टपाल बंधूंनी आपल्या विभागातील, अशा तीनच जागा लिहून महिनाअखेरीपर्यंत पाठवाव्यात. त्या जागेवर शेवटची खरी तपासणी कधी झाली आणि कुणी केली हेही लिहावे. तीनपेक्षा जास्त लिहू नयेत. तीस जागांची यादी आली तर आम्ही ती परत पाठवू.